तार, पट्टा आणि चपला

बाईमाणसाच्या मांडीला पट्टा कोणी बांधायचा, या एका प्रश्नावर आमच्या मालकांचा नवा धंदा बसायला आला होता. म्हणून ते काम मला मिळालं. नाहीतर चौथी शिकलेल्या, गुडघे दुखणाऱ्या बाईला साहसी खेळाच्या ठिकाणी कोण उभं करतं?

जळगावहून एरंडोलकडे जाताना रस्ता सोडून आत गेलं की डोंगराच्या अंगाला मालकांचं शेत आहे. मालक वयाने माझ्या मुलाएवढे, पण त्यांना सगळे भाऊ म्हणतात, मीही म्हणते. हिवाळ्यात तिथे शहरातल्या लोकांच्या भरीत पार्ट्या व्हायच्या. आमच्या खानदेशात सहल म्हणजे भरीत. कापूस वेचून झाला की शेतात वाळक्या पऱ्हाट्या उरतात, त्या पेटवायच्या, त्यावर मोठी हिरवी वांगी भाजायची, सोलायची, लाकडी उखळीत मिरची-लसणाबरोबर ठेचायची आणि केळीच्या पानावर वाढायची. मी तिथे कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाच्या, पुऱ्या लाटायला होते.

भाऊंनी कुठे काय पाहिलं कोण जाणे, त्यांनी नाल्याच्या या काठावरून त्या काठावर जाड लोखंडी तार ताणली. इकडचा काठ उंच, त्यावर शिडीचं मचाण, तिकडचा सखल. तारेला चाक, चाकाला कडी, कडीला माणूस. इकडून सोडलं की घरंगळत तिकडे. त्याला झिपलाइन म्हणतात. आम्ही तार म्हणतो.

माणूस कडीला लटकवायचा तर त्याला पट्टा बांधावा लागतो. एक पट्टा कमरेला, आणि एकेक दोन्ही मांड्यांना, पार वरपर्यंत. भाऊंनी पुण्याहून शिकून आलेली दोन मुलं ठेवली होती. चांगली मुलं होती, मान खाली घालून काम करायची. पण पहिल्याच रविवारी जळगावच्या भिशीच्या बायका आल्या, त्यांनी पट्टा पाहिला, मुलं पाहिली आणि सगळ्या माझ्या चुलीपाशी येऊन बसल्या. दुसऱ्या रविवारीही तेच. बायका नाहीत म्हणून त्यांची पोरं नाहीत, पोरं नाहीत म्हणून नवरे नाहीत. तार रिकामी आणि माझ्याकडे पुऱ्या पुरेनात.

भाऊ येऊन म्हणाले, "मावशी, तुम्ही पट्टे बांधायला शिका."

मी म्हटलं, "म्हशीला दावं बांधता येतं. तेवढं चालेल का?"

चाललं नाही. शिकावं लागलं. शिकवणाऱ्या त्या मुलांचा नियम असा होता की जो दुसऱ्याला बांधेल त्याने आधी स्वतः लटकायचं. मी लटकले. ओरडले नाही. डोळे घट्ट मिटलेले होते, त्यामुळे पहिल्या वेळी काय दिसलं ते सांगता येणार नाही. दुसऱ्या वेळी उघडे ठेवले. खाली नाला, नाल्यात वाळू, वाळूत एक कुत्रं वर माझ्याकडे बघत होतं. मला एकदम हसू आलं. एवढं आयुष्य या जमिनीवर वाकून काढलं, कापूस वेचला, निंदणी केली, पण तिला वरून कधी पाहिलं नव्हतं. बरी दिसते.

आता कामाचं सांगते. पट्टा असा ओढायचा की बोटं आत जातील, मूठ जाणार नाही. कडीचं तोंड फिरवून बंद झालं की नाही ते डोळ्यांनी बघायचं आणि हातानेही बघायचं, कारण डोळ्यांना घाई असते. मंगळसूत्र ब्लाउजच्या आत. ओढणी काढून ठेवायची. वेणी गुंडाळून हेल्मेटच्या आत, मग बाई कितीही म्हणो की आजच पार्लरला जाऊन आले. केस चाकात गेले तर काय होईल या विचाराने मला घाम फुटायचा, म्हणून त्या बाबतीत मी कोणाचं ऐकलं नाही. पाचवारी साडीवाल्यांसाठी पट्टे बांधायच्या शेडमध्ये पडद्यामागे पायजम्यांची चळत ठेवलेली असायची. साडी वर खोचायची, आत पायजमा, त्यावर पट्टा. ध्यान दिसतं, पण तारेवर सगळीच ध्यानं दिसतात. सगळ्यांत सोयीची नऊवारी. कासोटा घातलेला असतो, पट्टा नीट बसतो, काही बदलावं लागत नाही. पण नऊवारीवाल्या म्हाताऱ्या यायच्या नातवंडं सांभाळायला. त्यांना कोणी विचारायचंच नाही.

उन्हाळ्यात आमच्याकडे लोखंड इतकं तापतं की कड्या ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवाव्या लागतात. तेव्हा तार फक्त सकाळी. खरी गर्दी हिवाळ्यात, भरताबरोबर.

बांधता बांधता माणूस कळतो. जी बाई "अगं बाई, मी मेले" म्हणून आरडाओरडा करते ती घाबरलेली नसते, ती मजेत जाते. जी गप्प होते तिच्याकडे लक्ष ठेवायचं. पुरुषाचं वेगळं. पुरुष घाबरला की त्याला फोन येतो. मचाणावर चढेपर्यंत सगळ्यांना हसवत असतो, खाली बघतो आणि खिशातला मोबाइल काढून "हां बोला, बोला" करत उतरतो. आमच्याकडे रेंज फक्त फाटकापाशी येते. मी कधी बोलले नाही. माझा माणूस ही तार यायच्या आधीच गेला. असता तर त्यालाही फोन आला असता. तरी एकदा त्याला मचाणावर चढवायला आवडलं असतं.

सराफाच्या घरातली एक सून आली होती, अंगावर बरंच सोनं. मी म्हटलं, हे काढावं लागेल. ती ते नवऱ्याकडे देईना, सासूकडे तर मुळीच देईना. रुमालात बांधून माझ्या हातात दिलं. मग सासू माझ्या शेजारी बाकावर येऊन बसली ती हललीच नाही. सून तिकडे किंचाळत हवेत, आणि इकडे सासूची नजर माझ्या मुठीवर. दुसरी एक बाई, जळगावचीच, एरवी नवऱ्याला "अहो, जरा ऐकता का" म्हणणारी. तारेवर सुटली आणि इथून तिथपर्यंत त्याला अशा शिव्या घालत गेली की आमची कुत्री उठून उभी राहिली. परत आली तेव्हा तोंडावर तेज. नवऱ्याने विचारलं, "काही म्हणालीस का?" म्हणाली, "नाही, वारा होता."

आता चपलांचं सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. तारेवर चपला घालून जाता येत नाही, खाली पडतात. आणि पलीकडच्या काठावर बाभळी, सगळीकडे काटे. तिथे अनवाणी उतरलेल्या माणसाला पाऊल टाकता येत नाही. म्हणून आमची रीत अशी होती की पहिला माणूस गेला की त्याच्या चपला पिशवीत घालून दुसऱ्याच्या कमरेला अडकवायच्या, दुसऱ्याच्या तिसऱ्याकडे. शेवटच्याच्या चपला आमचं माणूस नाल्यातून पायवाटेने घेऊन जायचं. पलीकडे आमची शोभा असायची. माणूस आला की दोरी ओढून त्याला थांबवायचं आणि सोडवायचं तिचं काम. दणकट बाई, आणि तिच्या कानातून काही सुटत नाही.

एका हिवाळ्यात, हुरड्याच्या दिवसांत, दोन गाड्या आल्या. एक पारोळ्याकडची, एक धुळ्याची. भरीत सांगितलेलं होतं. माणसं उतरली आणि एकमेकांना जास्तच वाकून नमस्कार करायला लागली, तेव्हा मी ओळखलं, हा बघण्याचा कार्यक्रम आहे.

पारोळ्याकडच्या मुलाची आजी माझ्या शेडमध्ये सावलीला येऊन बसली. तिला सगळे अक्का म्हणत होते. नऊवारी लुगडं, काटक शरीर, तोंडात सुपारी. अक्काने मला विचारलं नाही, सरळ सांगायलाच लागली. नातू निलेश, कापसाची शेती, विहीर, बैल, ट्रॅक्टर, सगळं आहे. पण शेती करणाऱ्या मुलाला आता कोणी मुलगी देत नाही. बघून बघून नकार. मुलगा आता कोणाकडे यायलाच तयार नव्हता. ही मुलगी धुळ्याला दवाखान्यात रक्त तपासायचं काम करते, नाव अश्विनी. तिने निरोप पाठवला होता की घरात पोह्यांची बशी घेऊन मी बसणार नाही, कुठेतरी मोकळ्यावर भेटू.

"हाऊ शेवटला," अक्का अहिराणीत म्हणाली. "आते नही म्हनी पोरगी, ते मना नातू कोठेच येवाव नही." आता नाही म्हणाली तर तो पुन्हा कोणाला बघायला जाणार नाही, असं.

नातवावर तिचा जीव होता. सुपारी चघळत बोलत होती, पण नजर सारखी त्याच्याकडे.

अश्विनी शेडमध्ये आली. चुणचुणीत पोरगी. मी पट्टा बांधताना म्हणाली, "मावशी, पहिली मी. ते माझ्या मागून."

मी म्हटलं, "लग्नात उलटं असतं."

"म्हणून तर," ती म्हणाली.

मचाणावर मी दोघांबरोबर चढले. खाली कडुलिंबाखाली दोन्ही घरची माणसं पानं मांडून बसलेली, माना वर. मुलाचे वडील आबा, मोठ्या मिशांचे. मुलीचे वडील नाना, धुळ्याचे, इस्त्रीचा शर्ट. अश्विनी ओरडलीही नाही, हात पसरून गेली. पलीकडे शोभाने तिला उतरवलं. मी तिच्या चपलांची पिशवी घेऊन निलेशकडे वळले. पोरगा पांढरा पडला होता आणि गप्प होता.

"मावशी," तो हळूच म्हणाला, "मला नाही जमणार."

"मग नको जाऊ."

"विहिरीत उतरतो मी. मोटर अडकली की दोराला धरून पार तळापर्यंत जातो. पण तिथे पाय भिंतीला टेकलेले असतात हो. इथे पायाखाली काहीच नाही."

"मग नको जाऊ, म्हटलं ना."

"खाली आबा बघतायत. तिचे वडील बघतायत. तुम्ही पट्टा तुटला म्हणून सांगा ना."

"पट्टा तुटला म्हणून ओरडले तर उद्यापासून इथे कुत्रं येणार नाही. दुसरं काही शोध. बाकीच्यांना फोन येतात."

तो थोडा हसला. मग त्याने पलीकडे पाहिलं. अश्विनी काट्यांत एका पायावर उभी होती, दुसरा पाय हातात धरून. त्याने पिशवीतून चपला काढल्या, पिशवी माझ्याच हातात ठेवली, आणि तरातरा शिडी उतरून नाल्यात गेला. हातात पोरीच्या चपला, सगळ्या पाहुण्यांच्या समोरून.

पिशवीत घेऊन गेला असता तर कोणाला काही कळलंही नसतं. पण घाईत माणूस असंच करतो.

आबा पानावरून उठले. "ए निल्या! काय आहे ते हातात?"

तो थांबला नाही.

"बायकोच्या चपला लग्नाच्या आधीच उचलल्या माझ्या पोराने!" आबा नानांवर फिरले. "हे दाखवायला बोलावलं होतं का आम्हाला? तुमच्या पोरीने मुद्दाम मागे ठेवल्या."

नाना काही कमी नव्हते. "आमची पोरगी वरून गेली, तुमचा वाघ खालून चालला. चपलांचं काय घेऊन बसलात?"

"वाघ कोणाला म्हणता?"

"वाघ म्हटलं त्याचा राग का येतो? शेळी म्हटलं असतं तर गोष्ट वेगळी."

भाऊ मध्ये पडायला गेले तर त्यांच्या हातातलं भरताचं भांडंच कोणाच्या तरी कोपराने उडालं. "चला, गाडी काढा," आबा ओरडले. बायका पानं तशीच टाकून उठायला लागल्या. तिकडे नाल्यात निलेश अजून पलीकडे पोचलाही नव्हता आणि इकडे सोयरीक मोडली होती.

अक्का मचाणाच्या शिडीपाशी येऊन उभी होती. मी खाली उतरले तेव्हा तिने सुपारी थुंकली.

"बठ्ठा माणसं येडा व्हयी ग्यात," ती म्हणाली. सगळी माणसं वेडी झाली, असं. मग हात वर करून उभी राहिली, मापाला शिंप्यापुढे उभं राहतात तशी. "माले बांध."

मी म्हटलं, "अक्का, कुठे जाता?"

"तथा," तिने पलीकडे बोट केलं. "पोरगीले इचारस."

चालत जायला तिला वेळ लागला असता, आणि तोवर गाडी निघाली असती. हे तिने माझ्याआधी ओळखलं होतं. मी भाऊंकडे बघितलं. भाऊ धावत आले, म्हणाले, "अक्का, वय झालं तुमचं, बीपी वगैरे..."

"बीपी मना पोऱ्याले शे," अक्का म्हणाली. तिने आबांकडे बोट दाखवलं. "माले काहीच नही."

भाऊंनी पुण्याच्या मुलांना विचारलं, मुलांनी तिला पायऱ्या चढवून उतरवून पाहिलं. ती माझ्यापेक्षा सरळ चढली. भाऊंनी मान हलवली. मी पट्टा बांधला. कासोट्यावर असा बसला की तसा पट्टा मी आजपर्यंत बांधला नाही. हेल्मेट घातलं, कडी फिरवली, हाताने पाहिली, पुन्हा पाहिली. अक्काने पायातल्या चपला काढून मचाणावर नीट एकाशेजारी एक ठेवल्या. आणि सुटण्याआधी खाली ओरडली, सगळ्या शिवाराला ऐकू जाईल अशी:

"आबा! मन्या चपला लई ये!" माझ्या चपला घेऊन ये, असं.

आबांनी वर पाहिलं. त्यांची आई त्यांच्या डोक्यावरून गेली. लुगड्याचा पदर खोचलेला, दोन्ही पाय पुढे, तोंड उघडं. ओरडत नव्हती, हसत होती. तिचं ते हसणं खालच्या सगळ्यांनी ऐकलं. भांडण मधल्या शब्दावर थांबलं. नानांचं बोट हवेत तसंच राहिलं.

मी अक्काच्या चपला घेऊन खाली आले आणि आबांसमोर धरल्या. काय करणार बिचारे? आईच्या चपला. नाही म्हणायची सोय नव्हती. त्यांनी त्या घेतल्या, आधी खांद्यावरच्या पंच्यात गुंडाळल्या, मग स्वतःलाच काहीतरी वाटलं असावं, पंच्यातून काढून उघड्या हातात धरल्या आणि नाल्यात उतरले. जरा वेळाने नानाही मागून गेले. इस्त्रीचा शर्ट बाभळीला अडकला तेव्हा आबांनी मागे वळून काटा सोडवून दिला.

पलीकडे काय झालं ते शोभाने सांगितलं. निलेशने चपला अश्विनीपुढे ठेवल्या आणि म्हणाला, "मला उंचीची भीती वाटते. पट्टा तुटला असं खोटं सांगणार होतो, ते जमलं नाही."

अश्विनी म्हणाली, "विहिरीत उतरता म्हणे? अक्का सांगत होत्या."

"उतरतो."

"मी मेले तरी उतरणार नाही. मला खाली अंधारात बघवत नाही." तिने चपला घातल्या. "मग झालं की बरोबर."

तेवढ्यात अक्का येऊन थडकली. शोभा तिला सोडवतेय तोवर तिने कडीला लटकूनच विचारलं, "पोरगी, तुले हाऊ पसंत शे का?"

अश्विनीने निलेशकडे पाहिलं. "चपला तर वेळेवर आणल्या," ती म्हणाली. "बाकीचं बघू हळूहळू."

"हळूहळू नही. तो मना पोऱ्या गाडी काढी ऱ्हायना." म्हणजे तिकडे आबा गाडी काढतायत.

"मग हो," अश्विनी म्हणाली.

दोघे वडील पोचले तेव्हा तिथे भांडायला काही शिल्लक नव्हतं. आबांनी वाकून आईच्या पायात चपला घातल्या. सगळे नाल्यातून चालत परत आले. अक्का मात्र मागे रेंगाळली. शोभाला विचारत होती, परत अलीकडे येणारी तार का नाही लावली. भरीत सांडलं होतं, म्हणून मी पुन्हा पऱ्हाट्या पेटवल्या, आणि त्या दिवशी पुऱ्याही मीच लाटल्या.

लग्नाला मला बोलावलं होतं. पारोळ्याला गेले. करवल्यांनी नवऱ्याचे बूट लपवले नाहीत, कारण त्या घरात चपलांची थट्टा आधीच होऊन गेली होती. जेवण बरं होतं, भात जरा कच्चा.

आता माझे गुडघे मचाणाची शिडी चढू देत नाहीत. पट्टे शोभा बांधते, आणि पलीकडे तिची भावजय आहे. मी हिवाळ्यात भरताच्या दिवसांत जाते आणि बाकावर बसते. नऊवारीवाली म्हातारी नातवंडांजवळ दिसली की तिला मी आता स्वतः विचारते. बहुतेक जणी लगेच उठतात. भाऊंनी माझ्या सांगण्यावरून मचाणाखाली एक पाटी लावली आहे: "ज्यांना तारेवरून जायचे नाही त्यांनी घरच्यांच्या चपला घेऊन पायवाटेने यावे." तेव्हापासून पुरुषांना फोन यायचे बंद झाले. मचाणावर चढतात, खाली बघतात आणि घाईघाईने बायकोला म्हणतात, "दे, दे, चपला दे इकडे."

गेल्या हिवाळ्यात निलेशचं घर आलं होतं. अश्विनी तारेवरून गेली, तिच्या मागून अक्का गेली, अजून तशीच हसत. निलेश दोघींच्या चपला घेऊन नाल्यातून निघाला. त्याच्यामागे आबा, खांद्यावर नात. नातीचं वजन तारेला पुरत नाही म्हणून शोभाने तिला नाही म्हटलं होतं आणि ती रडून लाल झाली होती. तिने पायातल्या इवल्या चपला काढून आबांच्या हातात दिल्या.

आबा म्हणाले, "बाई गं, तू कुठे तारेवर चाललीस? घाल त्या पायात."

"नाही," ती म्हणाली. "तुम्ही धरा."

आबांनी धरल्या. नाला ओलांडेपर्यंत धरल्या.